वेंकोबारावांची पळी

वेंकोबारावांना थंडी वाजायची. चेन्नईत. डिसेंबर लागला की हा माणूस कानटोपी घालायचा, गळ्याला तपकिरी मफलर गुंडाळायचा आणि पायांत मोजे चढवून त्यांवर रबरी चपला सरकवायचा. घरात पंखा मात्र फिरत असायचा, कारण पंखा बंद केला तर डास. मी माण तालुक्यातला. आमच्याकडे थंडीत पहाटे रानात पाणी धरायला उभं राहिलं की पायांची बोटं आपली आहेत की दुसऱ्याची ते कळत नाही. मी त्यांना एकदा विचारलं, राव, ही थंडी तुम्ही आणता कुठून? ते गंभीरपणे म्हणाले, "मार्गळी आहे, जाधव." मार्गळी म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषातला तमिळ महिना. महिना लागला म्हणून कुडकुडायचं, अंगाला वारा लागो न लागो. असा हा माणूस.

आमच्या इमारतीत सगळे त्यांच्याविषयी गोड बोलतात. दुसऱ्या मजल्यावरचा मुरली तर दर मार्गळीत गच्चीवर चटई अंथरताना "राव इथं असते तर" म्हणतो आणि डोळे पुसतो. मी पुसत नाही. सगळेच गोड बोलायला लागले की माणूस होता तसा राहत नाही, म्हणून हे लिहितोय.

ते तंजावरकडचे मराठी. घराणं तिकडे कधी गेलं ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही, पण त्यांचे पूर्वज राजाबरोबर गेले आणि मी पोटामागं आलो, हा फरक ते विसरू द्यायचे नाहीत. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. थोरली बहीण कमलाक्का लहानपणीच विधवा होऊन परत आली, तिच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. घरात तमिळ, देवापुढे संस्कृत, आणि माझ्याशी ते जे बोलायचे त्याला ते मराठी म्हणत. "जातों", "येतों", "करूं नये", आणि मध्येच तमिळ: थोडंला कोंजम, पुरेला पोदुम, बरंला सरि. माझं मराठी ऐकून ते मान हलवायचे. "तुमचें नवें आहे," म्हणायचे, जसं एखादं स्वस्तातलं भांडं उलटंसुलटं करून बघावं तसं.

मी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडे झाडू मारण्यापासून सुरुवात केली. आज तिथंच माझा पंपांचे रबरी वायसर बनवायचा कारखाना आहे; एन्नोरपर्यंत माल जातो. हे सगळं मी मागून मिळवलं. काम मागितलं, उधारी मागितली, भाव मागितला, दिला नाही तर भांडून मागितला. माझ्या धंद्याचे नियम दोनच. माप पूर्ण द्यायचं आणि पूर्ण घ्यायचं, हा पहिला. दुसरा असा, की नावं ठेवणारं गिऱ्हाईक खरं. ते घेणार असतं म्हणून नावं ठेवतं. गप्प राहणारं निघून जातं.

वेंकोबारावांचं याच्या उलट. त्यांचं एक वाक्य होतं, ते ताम्रपटावर कोरल्यासारखं बोलायचे: "मागून घेतलेलें पोटांत राहत नाही."

हे वाक्य ते पाळायचेही, ही खरी पंचाईत. एकदा टी. नगरच्या बाजारात मला भेटले. थंडीत अवरक्काय, म्हणजे आपल्या घेवड्याच्या शेंगा, कोवळ्या येतात. भाजीवाली समोर कोवळ्या शेंगा मांडून बसली होती आणि यांच्या पिशवीत मागच्या टोपलीतल्या निबर शेंगा भरत होती. हे बघत होते. चांगले डोळे उघडे ठेवून बघत होते. भाव विचारायचा नाही, ताज्या द्या म्हणायचं नाही, पिशवी धरून उभे. मी मध्ये पडलो. बाईशी वाद घातला, शेंगा बदलून घेतल्या, वर कढीलिंबाची काडीही टाकायला लावली. बाई शेवटी हसून म्हणाली, या साहेबांना पुन्हा घेऊन येऊ नका. आणि राव? बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुम्हीं माझी लाज काढिलीत." आभार राहिले बाजूला. घरी जाऊन त्यांनी त्या कोवळ्या शेंगा खाल्ल्याच असणार, हे मी पैजेवर सांगतो.

बसमध्ये तसंच. गिंडीहून आम्ही दोघं येत होतो. म्हाताऱ्यांच्या जागेवर एक तगडा तरुण कानात वायर घालून बसलेला. राव त्याच्या डोक्यावर उभे, दांडीला लटकलेले, प्रत्येक ब्रेकला त्याच्या मांडीवर पडतायत, पण ऊठ म्हणणार नाहीत. मी म्हणायला तोंड उघडलं तर माझा दंड धरला. मग उतरल्यावर घरापर्यंत त्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार. मला अशा माणसांची चीड आहे. तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि न मिळाल्याचं दुःख मात्र घरी नेऊन चघळायचं. आम्ही तोंड वापरून दमलो म्हणून यांना नुसतं उभं राहून सभ्य राहता येतं.

चघळण्यावरून आठवलं. जेवण झाल्यावर ते लवंग चघळायचे. एक दाढेखाली, एक खिशात. मला वाटायचं, दात किडले असतील.

आता गच्चीचं सांगतो. मार्गळीत दर रविवारी दिवेलागणीला आमची चार बिऱ्हाडं गच्चीवर एकत्र जेवायची. ही पद्धत मुरलीच्या बायकोनं, वसंतानं पाडली. प्रत्येकानं घरून एक पदार्थ करून आणायचा. चटया वसंताच्या. तळमजल्यावरच्या मेरी टीचर नाताळचा केक आणि गुलाबाच्या फुलासारखी तळलेली खुसखुशीत बिस्किटं आणायच्या. वसंताचं वत्तकुळंबू, चिंचेचं दाट कालवण, ते ती दुपारपासून आटवत असायची. सुनंदा, माझी बायको, भरली वांगी करायची आणि कंबूच्या पिठाची, म्हणजे बाजरीची, भाकरी. माझी बहीण गावाहून कांदा-लसूण मसाला पाठवते, तो घालून. वेंकोबाराव काय आणायचे? दही. दरवर्षी, दर रविवारी, दही. कमलाक्का गुडघ्यांमुळे जिना चढायच्या नाहीत, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा-लसणाला उंबरा बंद होता, म्हणून दही. तेही उरलं तर ताक करून दुसऱ्या फेरीला.

पण वाढायचे ते. त्यांच्या आजोबांची लांब दांड्याची पितळी पळी होती. ती घेऊन ते केळीच्या पानांपुढून वाकून जायचे आणि दुसऱ्या कुणाला भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. वाढणारा शेवटी जेवतो, उरलेलं जेवतो, हे त्यांच्यात मोठं पुण्याचं समजतात. पानावर काय कुठं पडणार हे ते ठरवायचे. कुळंबू भाताच्या मधोमध, पळीभर. कोशिंबीर वर, मूठभर. आणि आमची भरली वांगी? डाव्या कोपऱ्यात, मिठाशेजारी, बोटाच्या पेराएवढी. वांगं नाहीच, वांग्याचा रस्सा, तोही लावल्यासारखा. मुरली बिचारा आणखी मागायचा. हे पळी मागे घ्यायचे. "उष्ण पडतें. मार्गळींत कोंजम पुरे."

मी आयुष्यभर वजनकाटे बघितलेत. काट्याखाली अंगठा कोण लावतं ते मला हाताच्या कोनावरून कळतं. हा हात मुद्दाम आखडता होता. आणि चवीबद्दल शब्द नाही. वसंताच्या कुळंबूला ते चिंच अधिक म्हणायचे, केकला कोरडा म्हणायचे, आमच्या वांग्याला काहीच नाही. माझ्या नियमानं मी वाचलं, गिऱ्हाईक निघून गेलं. का गेलं तेही मनाशी वाचलं. ते तंजावरचे सोवळ्यातले, आम्ही माणचे जाधव. आमच्या घरचं अन्न मिठाच्या शेजारी बसवलं की त्याला जागा कळते. तोंडावर कुणी बोललं नाही. बोललं असतं तर सोपं होतं.

मला माझं काही नव्हतं. सुनंदा लग्न होऊन या शहरात आली तेव्हा तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता. दिवसभर दार लावून बसायची. या वांग्यांनी तिला दार उघडून दिलं. वसंता ती शिकायला खाली आली, तेव्हापासून दोघींची मैत्री. गच्चीवर ती जेवायला बसली की कुणाच्या लक्षात न येईल अशी सगळ्यांच्या पानांवरून नजर फिरवायची, आपलं कुठं पडलंय ते बघायला. प्रत्येक पानावर कोपऱ्यात तेवढं पेरभर दिसलं की मान खाली घालून भात कालवायची. ती नजर मला बघवायची नाही. मी भराभर जेवून, कारखान्यातून फोन आलाय सांगून, सगळ्यांच्या आधी खाली जायचो.

एका वर्षी, मार्गळीतला शेवटचा रविवार. सकाळी सुनंदा म्हणाली, मी यंदा पापड तळते, वांगी नको, नाहीतरी वाया जातात. सरळ आवाजात म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. मी म्हटलं, "वांगीच कर. रोजच्यापेक्षा जास्त कर. आज माप मी बघतो."

संध्याकाळी पानं मांडली. वेंकोबारावांनी मफलर मागे टाकला आणि पळी उचलली. मी तिच्या दांड्याला हात घातला.

"वाढप माझें असतें," ते म्हणाले.

"आज माझं."

क्षणभर आम्ही दोघांनी ती धरून ठेवली. मुरली चटईकडे बघायला लागला. मग त्यांनी सोडली. मागून घ्यायचं नाही तसं ओढूनही घ्यायचं नाही, असा त्यांचा काहीतरी नियम असणार. ते पंगतीत जाऊन बसले. पंगतीत बसायची सवय नसलेला माणूस. हात कुठे ठेवावेत ते कळेना, गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीत.

मी वाढलं. प्रत्येक पानावर अख्खी वांगी, देठासकट, वर मसाला, वर तेलाचा तवंग, पानाच्या मधोमध. मेरी टीचर पुरे म्हणाल्या तरी वाढलं. मुरलीला दोनदा. सुनंदाच्या पानावर मी स्वतः वाकून वाढलं आणि ती हळूच म्हणाली, जरा हळू, ओघळतंय. वेंकोबारावांच्या पानाशी आलो. पळीचं टोक मसाल्यात बुडवलं आणि मिठाशेजारी टेकवलं, पेरभर.

"उष्ण पडतं, राव. मार्गळीत कोंजम पुरे."

सगळे हसले. तेही हसले थोडे. त्यांनी तेवढं बोट लावून भाताबरोबर खाल्लं आणि पातेलं पुढं सरकत गेलं तसतशी त्यांची मानही त्यामागून गेली. मी बघितलं. मला वाटलं, वरमले.

जेवणं झाली. आमच्या गच्चीवर पान मिटलं की जेवण संपलं. सगळ्यांनी मिटली. वाढणारा म्हणून मी शेवटी बसलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत थांबलो. वेंकोबारावांनी पान मिटलं नव्हतं. ते उठले, त्या उघड्या पानावर थोडा भात होता, ते तसंच दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापाशी आले आणि पातेल्यात डोकावले.

"संपलें?"

"संपलं," मी म्हटलं. "पूर्ण माप वाढलं."

ते खाली बसले. पानावरच्या भाताचा मुटका केला, तो पातेल्याच्या आतून कडेनं फिरवला, चिकटलेला मसाला टिपला आणि खाल्ला. मग दुसरा मुटका. माझ्यासमोर, मुरलीसमोर, मेरी टीचरांसमोर. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, आजोबांची पळी बाळगणारा माणूस, पातेलं पुसून खात होता. कानटोपीचा बंद हनुवटीबरोबर वरखाली होत होता.

वसंता चटया गोळा करत होती. ती तमिळमध्ये अगदी सहज म्हणाली की यात नवीन काही नाही, दर रविवारी सगळे खाली गेले की ते पातेलं रावांचंच असतं. चटया न्यायला ती शेवटी थांबते म्हणून तिला माहीत. जवळजवळ भरलेलं पातेलं ते एकटे संपवतात, भाकरीसुद्धा, आणि नळाखाली विसळून आमच्या दाराशी ठेवतात. तुम्ही पहिले खाली जाता, ती मला म्हणाली, तुम्हाला कसं कळणार.

मला सगळं एकदम दिसलं. आखडता हात, उष्ण पडतें, लवंग. पंगतीला पेरभर वाढायचं म्हणजे पातेलं उरतं. लवंग चघळून खाली गेलं म्हणजे अक्काला वास येत नाही. देवाच्या महिन्यात लसूण वर्ज्य, आणि वेंकोबारावांना शेवटी बसून जे मिळतं ते पुण्य. मी इतक्या व्यापाऱ्यांशी व्यवहार केला, पण इतका चोख लबाड हात मला गिंडीत भेटला नाही.

मी उठलो. आवाज चढला असणार, कारण समोरच्या गच्चीवरची माणसं वळून बघायला लागली. मी म्हटलं, तोंडानं मागायला काय झालं होतं? ही बाई तुम्हाला दर रविवारी करून घालती. तुमच्या जिभेपायी ती इतकी वर्षं मान खाली घालून जेवली.

ते मुटका हातात धरून बसलेले. "मागून घेतलेलें पोटांत राहत नाही, जाधव."

"आणि चोरून खाल्लेलं राहतं?"

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तें राहिलें."

सुनंदा पदर तोंडाला लावून हसली. खळखळून नाही, पण हसली. मला तिचाही राग आला. ती खाली गेल्यावर म्हणाली, अहो, इतकी वर्षं पातेलं घासून लख्ख येत होतं, मला वाटायचं उरलेलं टाकून वसंताच घासून ठेवते. म्हणजे ती सुखी झाली होती. वाया जात नव्हतं, एवढं तिला पुरलं. मला पुरलं नाही. ती म्हणते, जातीचं नव्हतं ना, मग झालं. मी म्हणतो, होतं. आवडलेलं लपवून खावं लागलं, ते कशामुळं? आपलं अन्न पोटात चालतं आणि पानावर चालत नाही, याला दुसरं काय नाव आहे? सोवळंही त्यांचं राहिलं आणि वांगीही त्यांना मिळाली. मान मात्र माझ्या बायकोची गेली. मापात मारणाऱ्याशी मी पुन्हा व्यवहार करत नाही. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या मार्गळीत ते गच्चीवर आले, पंगतीत बसले आणि सगळ्यांनी आपापल्या हातानं वाढून घ्यायला सुरुवात केली. पळी त्यांनी घरीच ठेवली. वांग्याचं पातेलं त्यांच्यापुढून जायचं. ते बघायचे आणि हात पुढे करायचे नाहीत. सुनंदा उठून वाढायला जायची तर मी डोळ्यांनी बसवायचो. मागू दे, म्हटलं. तोंड आहे की. मुरली मला म्हणाला, तू म्हाताऱ्याशी कसला सौदा करतोयस? मी म्हटलं, सौदा नाही, एक शब्द पाहिजे. तो शब्द आला नाही. दहीभात खाऊन पान मिटायचे आणि सवयीनं लवंग काढून चघळायचे. कशासाठी, देव जाणे.

त्यांच्या घरमालकानं फ्लॅट विकला. भाच्याकडे होसूरला जायचं ठरलं. मार्गळीत घर हलवायचं नाही म्हणून तै महिना लागून पोंगल होईपर्यंत थांबले. निघायच्या सकाळी फाटकाशी उसाचे वाढे आणि चोयट्या पडल्या होत्या. सामानाचा टेम्पो पुढे गेलेला. भाड्याच्या गाडीत कमलाक्का आधीच बसल्या होत्या, मांडीवर देवांची पेटी. सुनंदानं पहाटे उठून वांगी केली, स्टीलच्या डब्यात भरली आणि डबा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मागितलं कुणी? ती म्हणाली, "तुम्ही मागायची वाट बघत बसा. गाडी बसणार नाही."

मी खाली उतरलो. डबा गरम होता, आणि झाकण लावूनही वास सगळ्या फाटकात पसरला होता. वेंकोबाराव खिडकीशी बसलेले. ऊन चांगलं वर आलं होतं आणि यांची कानटोपी, यांचा मफलर. मी डबा खिडकीतून आत धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, चटका बसला तसा मफलरचं टोक खाली घातलं. झाकण उचलून बघितलं.

"तेल कोंजम अधिक दिसतें," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत आमच्या वांग्याला ठेवलेलं पहिलं नाव. मी म्हटलं, मग ठेवा इथंच. त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि विचारलं, "किती दिवस राहील?"

माल किती टिकेल हे जो विचारतो तो परत जात नाही, हे मी कारखान्यात पोरांना शिकवतो. मी म्हटलं, परवापर्यंत राहील, रोज एकदा गरम करा.

तेवढ्यात अक्कांनी नाक वर केलं. "वेंकू, लसूण आहे त्यांत. कोणी दिली ही?"

ते समोर, ड्रायव्हरच्या मानेकडे बघत राहिले. त्यांचा हात खिशाकडे गेला, लवंगेसाठी असेल, आणि रिकामाच परत डब्यावर आला.

"मीं मागितली," ते म्हणाले.

मागितली नव्हती. शपथेवर सांगतो, कधीच मागितली नव्हती. धंद्यात माझ्या तोंडावर कुणी असं धडधडीत खोटं बोललं असतं तर मी त्याला तिथल्या तिथं उभा धरला असता. मी खिडकीपासून मागे सरलो. गाडी हलली. वळणावर पोहोचेपर्यंत मागच्या काचेतून कानटोपी दिसत होती, खाली वाकलेली, डब्यावर. गाडीमागून मी ओरडलो की डबा परत पाठवा, चांगल्या कंपनीचा आहे.

तो अजून आलेला नाही. होसूरहून मुरलीला त्यांचे फोन येतात, तब्येतीचं सांगतात, थंडी फार आहे म्हणतात, आणि तिथे ती खरी असेल. डब्याचं नाव काढत नाहीत. सुनंदा म्हणते, एक फोन करा आणि मागा की, तुम्हाला कधीपासून लाज वाटायला लागली.

मी मागत नाही.